चहाची पुडी फोडण्याआधी

आज आपण चहाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, चहावर काय बोलायचं? आधण ठेवायचं, पावडर टाकायची, उकळी आली की गाळायचं. आम्हालाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत असंच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी आमच्या गटानं पावसाळ्याची बेगमी एकत्र करायची ठरवली. तोरण्याच्या पायथ्याच्या, पानशेतच्या मागच्या नाहीतर नीरा-देवघरच्या काठच्या वाडीत ज्या राहतात त्यांना सांगायला नको. आभाळ फुटलं की चार-चार दिवस बाजार गाठता येत नाही. मीठ, मिरची, गूळ, काडेपेटी आणि चहा घरात भरून ठेवावाच लागतो. त्याच आठवड्यात एक जीपवाला सुटा चहा घेऊन आला. दुकानापेक्षा किलोमागे 80 रुपये स्वस्त. वास बरा, रंग काळाभोर. गटाच्या बचतीतून पैसे उचलून आम्ही 15 किलो घेतला. 12 घरांना सव्वा-सव्वा किलो वाटून दिला. 1200 रुपये वाचले म्हणून बैठकीत टाळ्या वाजवल्या.

पाऊस लागला. आवणी करून आलेल्या एका मैत्रिणीनं ओल्याच हातानं डब्यातली चिमूटभर पावडर घेतली, आणि तिची बोटं लगेच विटकरी झाली. हात धुतला तरी नखांत रंग राहिला. तिनं तो डबा बैठकीत आणला. मग एकेकीनं सांगायला सुरुवात केली. रंग भारी येतो, पण चव नाही. दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही. घशात कोरडं-कोरडं होतं. तोवर निम्मा चहा सगळ्यांच्या पोटात गेला होता.

जीपवाला पुन्हा दिसला नाही. पावती नव्हती, नाव नव्हतं, गाडीचा नंबर कुणी पाहिला नव्हता. तक्रार कुणाची करायची? पैसे तर बुडालेच, पण त्याहून वाईट एक गोष्ट झाली. हा चहा घेऊ या असं जिनं सुचवलं होतं, तिला सगळ्यांनी बोल लावला. ती पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही.

तेव्हा आम्ही विचारात पडलो. आम्ही 12 जणी, सगळ्या भाताच्या मुलखातल्या. तांदळाचा दाणा दाताखाली धरला की जुना की नवा ते सांगतो. मूठभर हुंगला की आंबेमोहर खरा की नावाचा ते कळतं. हळदीत, तिखटात काय मिसळलंय ते बोटावर घेऊन ओळखतो. मग रोज दोनदा पितो तो चहा आम्हाला का ओळखता आला नाही? उत्तर शोधायला गेलो तेव्हा चहाचा सगळा इतिहासच वाचावा लागला.

आपल्या घरात चहा नव्हता

पहिली गोष्ट म्हणजे चहा आपला नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरी सकाळी आंबील असायची, ताक असायचं, शिळ्या भाकरीचा कुस्करा असायचा. आजारपणात काढा. परसदारी गवती चहा असतो, पण ते नुसतं वासाचं गवत, चहाच्या झाडाशी त्याचं काही नातं नाही.

चहा मूळचा चीनचा. युरोपातल्या व्यापाऱ्यांबरोबर तो समुद्रानं आपल्या किनाऱ्याला आला. 1638 साली सुरतेत उतरलेल्या मांडेल्स्लो नावाच्या जर्मन प्रवाशानं तिथं रोज चहा घेतल्याचं लिहून ठेवलं आहे. 1689 साली सुरतेला आलेला ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री सांगतो, की तिथले बनिये व्यापारी चहात मसाले घालतात आणि डोकेदुखीवर, पोटदुखीवर तो घेतात. म्हणजे 1664 साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा त्या शहरातल्या परदेशी कोठ्यांत चहा होता. आणि महाराजांची राजधानी होती आपल्या वेल्ह्यातल्या राजगडावर. सुरतेहून गडावर सोनं आलं, रुपं आलं. चहाला मात्र आपल्या मावळात यायला आणखी अडीचशे वर्षं लागली.

मधल्या काळात इंग्रजांना चहाचं वेडच लागलं. चीनकडून चहा विकत घ्यायला पैसे पुरेनात, म्हणून त्यांनी हिंदुस्थानात अफू पिकवून चीनला विकली. मग 1823 साली रॉबर्ट ब्रूस नावाच्या माणसाला आसामात सिंगफो जमातीच्या लोकांकडे चहाची झाडं दिसली. ती माणसं आपल्या परीनं चहा पीतच होती. पुढे जंगलं तोडून मळे उभे राहिले, आणि 10 जानेवारी 1839 ला आसामच्या चहाच्या पहिल्या 8 पेट्या लंडनला लिलावात विकल्या गेल्या. मळ्यांवर राबायला छोटा नागपूर, ओरिसा अशा भागांतून गरीब आदिवासी माणसं करारानं बांधून नेली. आजही मळ्यात पानं खुडणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. दोन पानं आणि एक कळी, असं दिवसभर पाठीवर टोपली घेऊन खुडायचं. साधारण चार ते पाच किलो ओल्या पानांपासून एक किलो चहा होतो. आपल्या डब्यातल्या पावडरीमागे इतके हात असतात.

कुणाच्या हातचा चहा?

आपल्या पुणे जिल्ह्यात चहाचा पहिला मोठा गाजावाजा झाला तो 1890 साली, आणि तोही धर्म बुडाला म्हणून. आनंदीबाई जोशी, आपल्या पहिल्या डॉक्टर बाई, तुम्हाला माहीत आहेत. त्यांचे यजमान गोपाळराव जोशी. आनंदीबाई गेल्यानंतर तीन वर्षांनी त्यांनी पुण्यातल्या बड्या मंडळींना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला नेलं. व्याख्यान झाल्यावर मिशनच्या लोकांनी सगळ्यांपुढे चहा-बिस्किटं ठेवली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. कुणी प्यायले, कुणी कप तसाच ठेवला. गोपाळरावांनी नंतर सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात वणवा पेटला. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, आणि शेवटी रानड्यांसारख्या माणसाला 1892 साली प्रायश्चित्त घ्यावं लागलं. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत या साऱ्याबद्दल लिहिलं आहे.

ही गोष्ट आम्ही गटात वाचली तेव्हा सगळ्या हसल्या. मग एक वयस्कर बाई म्हणाल्या, "हसू नका. आमच्या लहानपणी हाटेलात आमच्या माणसांचा कप बाहेर खुंटीला असायचा. आपणच धुवायचा, आपणच टांगायचा." त्या बौद्धवाडीतल्या. सगळ्या गप्प झाल्या.

खरंच आहे ते. चहाची टपरी गावोगाव आली, तशी वेगळी कपबशीही आली. भोरहून वरंधा घाट उतरलं की महाड लागतं. तिथं 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाण्यासाठी जो झगडा होता, तोच चहाच्या कपासाठी होता. संविधानानं अस्पृश्यता बंद केली, 1955 च्या कायद्यानं हॉटेलात भेदभाव करणं गुन्हा ठरवलं, तरी खुंटीवरचे ते कप निघायला पुढे बरीच वर्षं गेली. आमच्या गटात म्हणूनच नियम आहे: बैठकीचा चहा पाळीपाळीनं प्रत्येकीच्या घरी होतो, आणि सगळ्या तो घेतात. आमच्या गटाचा पहिला ठराव तोच आहे.

पण एक गोष्ट आमच्या लक्षात आली. चहा कुणाच्या हातचा आणि कप कुणाचा यावर पन्नास-पाऊणशे वर्षं भांडणं झाली. त्या कपात आहे काय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

फुकटचा घोट

चहाची गोडी आपल्याला लावली गेली, आणि ती ठरवून लावली गेली. मळेवाल्यांचा चहा बहुतेक परदेशी जायचा. 1903 साली सरकारनं कायदा करून निर्यात होणाऱ्या चहावर पट्टी बसवली. त्या पैशातून चहाची जाहिरात करायची होती. परदेशात भाव पडले की माल विकायला गिऱ्हाईक हवं, आणि हिंदुस्थानात तर घराघरांत गिऱ्हाईक होतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी, कारखाने इथं चहाचे ठेले निघाले. कामगारांना चहासाठी सुटी द्या, म्हणजे ते जास्त काम करतील, असं मालकांना पटवलं गेलं. रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करायचा याच्या पाट्या लागल्या. 1930 नंतर तर मोटारी घेऊन माणसं बाजारांत, घरोघर जायची, चहा करून दाखवायची, फुकट पाजायची. एका पैशाच्या पुड्या निघाल्या, म्हणजे गरिबालाही घेता यावा.

आपल्या मावळपट्ट्यातले पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत, हमालीला गेले. आमच्या गटातल्या वयस्कर बाया सांगतात, की त्यांच्या घरी चहाची पहिली पुडी मुंबईहून गणपतीला आलेल्या माणसाच्या पिशवीतून आली. सासूनं ती देव्हाऱ्याजवळ ठेवली होती आणि पाहुणा आला तरच सोडायची.

चहा शिकवणाऱ्या साहेबांना आपली चहाची रीत पसंत नव्हती. पत्ती कमी, दूध-साखर जास्त, वर आलं-वेलची. त्यांना वाटायचं असं केलं तर पत्ती खपणार कशी? पण आपल्या लोकांनी चहा आपल्या खिशाप्रमाणे आणि जिभेप्रमाणे करून घेतला. पुण्यात राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी अमृततुल्यची दुकानं काढली आणि दुधातला वेलदोड्याचा चहा साऱ्या शहराला लावला.

1930 च्या सुमारास आसामात एक यंत्र निघालं. त्यात पान चिरडतात, फाडतात आणि गोळी वळतात. हाच तो दाणेदार चहा, आपण ज्याला ममरी म्हणतो. पान-चहापेक्षा तो लवकर उतरतो, रंग गडद देतो, दुधात टिकतो आणि किलोमागे जास्त कप होतात. स्वातंत्र्यानंतर हाच चहा देशभर पसरला. गरिबाला चहा परवडला तो या दाण्यामुळे. पण पान दिसेनासं झालं. पान असतं तर पान आहे की पालापाचोळा ते डोळ्यांना कळलं असतं. दाण्यात आणि भुकटीत काय दळलंय ते कसं कळणार?

आमच्या प्रश्नाचं उत्तर इथं मिळालं. आपल्या महाराष्ट्रात भातासारखी चहाची शेती नाही. आपण झाड पाहिलं नाही, पान खुडलं नाही. चहा आला तो तयार, दळलेला, पुडीत बांधलेला. प्यायला शिकवायला माणसं घरापर्यंत आली. पारखायला शिकवायला कुणी आलं नाही, कारण विकणाऱ्याला त्याची गरज नव्हती. ते आता आपणच एकमेकींना शिकवायचं आहे.

भेसळ नवी नाही

भेसळ चहाइतकीच जुनी आहे. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये दुसऱ्याच झाडांची पानं वाळवून, रंगवून चहात मिसळायचे. वापरलेला चोथा गोळा करून परत विकायचे. चीनहून येणाऱ्या हिरव्या चहाला तर निळा रंग आणि जिप्सम चोळलेलं असायचं. लोक इतके वैतागले, की 1826 साली जॉन हॉर्निमन नावाच्या व्यापाऱ्यानं वजन ठरवून बंद पुडीतला चहा विकायला काढला आणि त्याचं नाव झालं. म्हणजे बंद पुडी जन्माला आली ती भेसळीच्या भीतीपोटी. पुडीवर जे छापलेलं असतं ते आपल्यासाठीच असतं, म्हणून ते वाचायचं.

आपल्याकडे आज काय मिसळतात? हॉटेलांतला चोथा वाळवून, रंग देऊन परत आणतात. काजूबियांची साल, हरभऱ्या-उडदाची टरफलं दळून घालतात. आता आपल्या सासवा-आज्यांनीही चोथा दोनदा उकळला आहे, उन्हात वाळवून ठेवला आहे. ती गरिबीतली काटकसर होती, आणि आपलाच चोथा आपणच प्यायचो. हा माणूस दुसऱ्याचा उष्टा चोथा रंगवून नवा म्हणून विकतो. ही लबाडी आहे.

पारख कशी करायची?

आता वही-पेन घ्या.

पुडीपासून सुरुवात करू. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचा ती तारीख, किंमत, आणि अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक, एवढं बघा. नाव ओळखीचं वाटलं तरी एकेक अक्षर वाचा. चांगल्या नावाशी मिळतंजुळतं नाव छापलेल्या पुड्या आठवडा बाजारात असतात.

मग चहा हातात घ्या. दाणा कोरडा, टणक, साधारण एकसारखा हवा. रंग तपकिरी-काळा. अगदी चकचकीत काळा दिसला तर शंका घ्या. लालसर काड्या, तंतू फार असतील तर माल हलका. चिमूट तळहातावर चोळून फुंकून टाका. थोडी धूळ राहील, पण रंग चिकटून राहता कामा नये. वास घ्या. कुबट, ओलसर वास आला तर चहा जुना आहे नाहीतर भिजलेला आहे.

यानंतर तीन साध्या परीक्षा.

पहिली कागदाची. पांढऱ्या टीपकागदावर थोडी पावडर पसरा, पाणी शिंपडून ओली करा, मग कागद नळाखाली धुऊन उजेडाकडे धरा. शुद्ध चहाचे डाग जवळजवळ राहत नाहीत. रंग घातलेला असेल तर कागदावर लगेच डाग उठतात आणि जात नाहीत.

दुसरी थंड पाण्याची. काचेच्या ग्लासात थंड पाणी घेऊन वर चिमूटभर चहा सोडा आणि हलवू नका. चांगला चहाही हळूहळू थोडा रंग सोडतोच, त्यानं घाबरू नका. पण टाकल्याबरोबर लाल-तपकिरी रेघा खाली धावायला लागल्या, तर तो वरून दिलेला रंग आहे.

तिसरी लोहचुंबकाची. जुन्या, बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमागे चुंबक असतो, तो काढून ठेवा. चहा ताटात पसरून त्यावरून चुंबक फिरवा. कारखान्यातल्या यंत्राचे रूळ झिजतात, त्यामुळे लोखंडाचा कणभर अंश येतो, आणि कायद्यानं त्याला ठरावीक मर्यादेपर्यंत सूटही आहे. पण चुंबकाला मिशा फुटल्यासारखा चुरा चिकटला, तर तो चहा घेऊ नका.

या परीक्षांनी शंका येते, पक्का निकाल प्रयोगशाळाच देते. पण शंका आली की पैसे देणारा हात मागे घेता येतो, आणि आपल्याला तेवढं पुरतं.

शेवटी चवीची परीक्षा. हुशार दुकानदारही आपल्याला दूध-साखर घातलेला चहा पाजून माल विकतो. त्यात सगळे दोष झाकले जातात. चहा पारखणारे लोक कोरा चहा पितात. त्यांचं आंतरराष्ट्रीय माप असं: 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम चहा, झाकून 6 मिनिटं. आपण दोन दुकानांचे दोन चहा घ्यायचे, दोन सारखे कप, सारखं पाणी, सारखी पावडर, आणि शेजारी-शेजारी ठेवायचे. चांगल्या चहाचं पाणी तांबूस आणि स्वच्छ दिसतं, वास मोकळा येतो, जिभेवर तरतरी येते आणि कडवटपणा घशात रेंगाळत नाही. गाळणीतला चोथा बघा. चांगल्या चहाचा चोथा फुगलेला, तांब्यासारखा असतो. रंगवलेल्याचा चोथा फिक्का, मेलेला दिसतो. मग दोन्हींत सारखं दूध घाला. कमी पावडरीत ज्याचा रंग आणि चव टिकते, तो चहा किलोला महाग असला तरी कपाला स्वस्त पडतो.

दाणा घ्यावा की भुकटी? भुकटी झटपट उतरते, म्हणून हॉटेलवाले ती घेतात. तीही चांगली असू शकते. पण जितकं बारीक तितकं मिसळलेलं लपतं. सुटा घ्यायचा असेल तर आम्ही दाणाच घ्या असं सांगतो.

आणि घरी आणल्यावर जपायचं. चहा दुसऱ्याचा वास पटकन ओढतो. मसाल्याच्या डब्याशेजारी, साबणाजवळ, रॉकेलजवळ ठेवू नका. आपल्याकडे पावसात मीठसुद्धा पाझरतं, तिथं चहाचं काय! घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, कोरडा चमचा, आणि ओला हात लांब. आमचा चहा ओल्या हातानंच उघडा पडला, पण रोज तसं नको.

हिशोब आणि पावती

छोट्या पुडीचा हिशोब करून बघा. समजा 10 रुपयांच्या पुडीत 20 ग्रॅम आहे, तर किलोला 500 रुपये पडले. तोच चहा पाव किलोला 110 रुपयांत मिळत असेल, तर किलोला 440. एका घराला महिन्याला अर्धा किलो लागतो असं धरलं, तर 12 घरांचे 6 किलो. महिन्याला 360, वर्षाला 4320 रुपये त्या छोट्या पुड्यांत जातात. एका पैशाची पुडी गरिबासाठी निघाली असं आपण मघाशी म्हणालो. पण पुडी-पुडीनं घेणारा गरीबच शेवटी जास्त मोजतो. गटाचा उपयोग इथं आहे. एकत्र घ्या, पण डोळे उघडे ठेवून घ्या. आधी पाव किलोचा नमुना आणा, परीक्षा करा, सगळ्यांनी चाखा, मग बाकीची मागणी द्या.

आणि पावती. पावतीशिवाय एक ग्रॅमही नाही. 1954 पासून देशात भेसळीविरुद्ध कायदा आहे, आणि आता 2006 चा अन्नसुरक्षा कायदा लागू आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. विकणाऱ्याला तसं सांगून, शुल्क भरून आपणही नमुना तपासून घेऊ शकतो, आणि माल नियमात बसला नाही तर ते शुल्क परत मिळतं. पण माल कुणाकडून घेतला हे सांगता आलं तर पुढचं सगळं. आमच्याकडे तेवढंच नव्हतं.

शेवटचा कप

एक गोष्ट राहिली. घरातला शेवटचा कप कुणाचा असतो? आपला. सगळ्यांना देऊन उरलेला, चोथ्यावर पाणी घालून परत उकळलेला, बिनदुधाचा. कितीतरी जणी सकाळी त्यावरच शेतात जातात. भूक मरते, पण पोट भरलेलं नसतं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे असं सरकारच्या पाहणीत दिसलं आहे. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगाला नीट लागत नाही. म्हणून भाकरी आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर कधीच घेऊ नका, मुलींनाही देऊ नका. आणि चांगला चहा निवडून आणलाच आहे, तर पहिल्या उकळीचा एक कप आपल्यासाठीही गाळा.

आता त्या रुसलेल्या मैत्रिणीचं सांगतो. तिसऱ्या बैठकीला आम्ही सगळ्याच तिच्या दारात गेलो. म्हटलं, चहा कर. ती म्हणाली, "माझ्याकडे तोच चहा आहे." आम्ही म्हणालो, मग कोरं पाणी पाज. खूप वेळ कुणी बोललं नाही. मग ती उठली, शेजारून चमचाभर पावडर उसनी आणली, आणि आम्ही बारा जणींनी तो पातळ चहा अर्धा-अर्धा कप घेतला. फसलो सगळ्या होतो, एकटीला बोल लावायचं काही कारण नव्हतं.

आज आमच्या गटाची चहाखरेदी तीच करते. तिच्या पिशवीत टीपकागद असतो आणि रेडिओच्या स्पीकरचा चुंबक. बाजारातले दुकानदार तिला पाहिलं की स्वतःहून पावतीपुस्तक काढतात.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत दोन घरांचे दोन चहा घेऊन बसा, कोरे करून चाखा, आणि काय आढळलं ते आम्हाला कळवा.